आयआर३५ आणि अम्ब्रेला: 'इनसाइड' रोल समोर आला तर तुम्ही काय करता?

रेडिंगकर

नमस्कार मंडळी. ब्रिटनमध्ये कॉन्ट्रॅक्टिंग करणाऱ्यांसाठी हा धागा. (आयआर३५ म्हणजे स्वतःच्या कंपनीतून काम करणारा प्रत्यक्षात क्लायंटच्या नोकरासारखा असेल तर त्याला नोकरासारखा कर लावणारा नियम. तो लागू असेल तर रोल 'इनसाइड', नसेल तर 'आउटसाइड'.) पर्मवाल्यांनीही (कायम नोकरीतल्यांनी) लिहा, फक्त "आम्ही तेव्हाच सांगत होतो" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

मी बिझनेस अ‍ॅनालिस्ट, विमा क्षेत्रात. बरीच वर्षं स्वतःच्या लिमिटेड कंपनीतून काम करते आहे, आजवर सगळं आउटसाइड. हातातलं कॉन्ट्रॅक्ट मार्चअखेर संपतंय आणि बाजार थंड आहे. परवा रिक्रूटरचा फोन आला. लंडनमधली मोठी विमा कंपनी, सहा महिने, आठवड्यातले तीन दिवस ऑफिस, दिवसाला ४५० पौंड, इनसाइड, अम्ब्रेलामार्फत (म्हणजे कॉन्ट्रॅक्टरला स्वतःच्या पगारावर ठेवणाऱ्या मधल्या कंपनीमार्फत). मी विचारलं, स्टेटस कोणी तपासलं, एसडीएस (इनसाइड की आउटसाइड याचा क्लायंटने दिलेला लेखी निकाल) बघायला मिळेल का? तर म्हणे, "क्लायंटची पॉलिसीच आहे, सगळे रोल इनसाइड." अजून माणूस निवडला नाही, काम कसं करून घ्यायचं ते ठरलं नाही, आणि निकाल आधीच तयार!

घरी दोन मतं आहेत. नवरा म्हणतो, मिळतंय ते घे, कंपनी झोपवून ठेव. मला वाटतं, थांबावं. तुमच्यापैकी कोणी अशा वेळी काय केलं? दर वाढवून मागितला का? मागितला तर किती? आणि अम्ब्रेला निवडताना काय बघायचं?

जुना_कॉन्ट्रॅक्टर

थोडा इतिहास सांगतो, कारण नव्या लोकांना वाटतं हे सगळं २०२१ ला उगवलं.

९ मार्च १९९९ ला अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांच्या बजेटबरोबर इनलँड रेव्हेन्यूने (तेव्हाचं कर खातं) पत्रकांचा गठ्ठा काढला, त्यातलं ३५ नंबरचं हे. रोख कोणावर होता? शुक्रवारी नोकरीचा राजीनामा देऊन सोमवारी त्याच खुर्चीत 'कंपनी' म्हणून येऊन बसणाऱ्यांवर. एप्रिल २००० पासून कायदा लागू झाला. तेव्हाच्या कॉन्ट्रॅक्टर मंडळींनी संघटना काढली, कोर्टात गेले, हरले. पण खरं सांगायचं तर पुढची सतरा वर्षं फारसं कोणाचं बिघडलं नाही. आपण इनसाइड की आउटसाइड हे ठरवायचं आपणच, आणि चुकलं तर तपास करायला एचएमआरसीने (आताचं कर खातं) एकेका माणसाच्या मागे लागायचं. तेवढी माणसं त्यांच्याकडे नव्हती.

एप्रिल २०१७ ला सरकारी खात्यांत आणि ६ एप्रिल २०२१ ला खासगीतल्या मध्यम-मोठ्या कंपन्यांत हा निर्णय क्लायंटकडे गेला. (२०२० लाच यायचं होतं, कोविडमुळे वर्षभर पुढे ढकललं.) चुकीचं आउटसाइड ठरवलं तर कर भरायची जबाबदारीही आता त्यांच्या साखळीवर. आता मोठ्या कंपनीतल्या टॅक्स खात्याच्या जागी स्वतःला बसवून बघा. तुम्हाला आउटसाइड ठरवून त्या माणसाचा फायदा काय? शून्य. धोका? कोट्यवधींचा. मग तो 'सगळे इनसाइड' म्हणणार नाही तर काय करणार? कायद्यात 'वाजवी काळजी घ्या' असं लिहिलंय, सरसकट निकाल त्यात बसत नाही. म्हणून त्यांनी पळवाट काढली: स्टेटस तपासायचंच नाही, लिमिटेडवाला माणूसच घ्यायचा नाही. अम्ब्रेलाचा माणूस त्यांच्या दृष्टीने दुसऱ्याचा नोकर, त्याला एसडीएसची गरजच नाही. रेडिंगकर, तुम्हाला एसडीएस दिसणार नाही तो यामुळे.

आणि तेव्हाचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांना विसरू नका! २३ सप्टेंबर २०२२ च्या मिनी-बजेटमध्ये त्यांनी २०१७ आणि २०२१ च्या दोन्ही सुधारणा रद्द करतो म्हणून जाहीर केलं. आमच्या ग्रुपवर पेढे वाटून झाले. १७ ऑक्टोबरला नवे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी ते सगळं परत गुंडाळलं. मधल्या दिवसांत ज्यांनी पर्मच्या ऑफर नाकारल्या त्यांचे चेहरे मला आठवतात.

मी स्वतः २०२१ ला कंपनी बंद केली, रीतसर एमव्हीएल (लिक्विडेटर नेमून स्वेच्छेने कंपनी बंद करणं) करून. कंपनीत २५ हजार पौंडांपेक्षा जास्त शिल्लक असेल तर साधं स्ट्राइक-ऑफ (नुसती नोंदणी रद्द करणं) परवडत नाही, सगळी रक्कम डिव्हिडंड धरली जाते. लिक्विडेटर नेमला की ती भांडवली नफ्यात जाते आणि तेव्हा बीएडीआर या धंदा बंद करताना मिळणाऱ्या कर सवलतीने १० टक्क्यांत काम झालं. एप्रिल २०२५ पासून तो दर १४ झाला आणि ६ एप्रिल २०२६ पासून १८. अजून एक: बंद केल्यावर दोन वर्षांच्या आत तोच धंदा पुन्हा सुरू केला आणि बंद करण्यामागे कर वाचवणं हा मुख्य हेतू दिसला, तर एचएमआरसी ते पैसे डिव्हिडंड समजू शकते. त्यामुळे तडकाफडकी बंद करू नका. नवऱ्याचं 'झोपवून ठेव' बरोबर आहे.

मिल्टनमामा

मी २०२१ लाच पर्म झालो, त्याच क्लायंटकडे. तेच डेस्क, तोच मॅनेजर. फरक इतकाच की आता त्याच्या 'टाऊन हॉल'ला जावं लागतं. वर्षाला पंचवीस सुट्ट्या, कंपनीचं पेन्शन, आजारी पडलो तर पगार. बायको खूश. मी आहे बरा.

स्लाऊची_सांगली

मामा, 'बरा' की 'खूश'? 😀

मिल्टनमामा

बरा. 😀

आकडेमोड

मी इथे चार्टर्ड अकाउंटंट आहे, छोट्या कंपन्यांची खाती बघते. धाग्यावर भावना खूप झाल्या, आता हिशोब मांडते. २०२५-२६ चे दर धरलेत, पेन्शन सध्या बाजूला ठेवलंय.

रेडिंगकर, तुमचे ४५० पौंड, पाच दिवस, आठवड्याला २,२५०. अम्ब्रेलाचं मार्जिन साधारण २० ते ३० पौंड असतं, २५ धरू. उरले २,२२५. रिक्रूटर ज्याला 'रेट' म्हणतो तो हा असाइनमेंट रेट, तुमचा पगार नव्हे. यातून आधी मालकाच्या वाट्याचा एनआय (नॅशनल इन्शुरन्स, पगारावरची सामाजिक विम्याची वर्गणी) जातो, आठवड्याच्या ९६ पौंडांवरच्या रकमेवर १५ टक्के, म्हणजे २७६. शिवाय अर्धा टक्का अप्रेंटिसशिप लेव्ही, जवळपास १०. जेवायला बोलावून बिल पाहुण्याच्या हातात ठेवावं तसा हा प्रकार, पण कायदेशीर आहे. मग तुमचा ग्रॉस पगार होतो १,९३९. हॉलिडे पे याच्यातच आला, तो कोणी वरून देत नाही. त्यावर १२५७एल कोडने (१२,५७० पौंड करमुक्त धरणारा नेहमीचा कोड) आयकर ५३४, तुमच्या वाट्याचा एनआय ७७. हातात १,३२८. रेटच्या ५९ टक्के.

आता वर्षाचं. ४४ आठवडे काम, म्हणजे ९९ हजार पौंडांची उलाढाल. इनसाइडला हातात येतात जवळपास ६०,१००. तीच रक्कम आउटसाइड, लिमिटेडमधून, १२,५७० पगार, अकाउंटंट आणि विम्याला दोनेक हजार, कॉर्पोरेशन टॅक्स भरून उरलेलं सगळं डिव्हिडंड म्हणून काढलं तर ६५,१०० च्या आसपास.

फरक पाच हजार! पुन्हा वाचा. पंधरा-वीस हजार नव्हे. एप्रिल २०२६ पासून डिव्हिडंडचे खालचे दोन्ही दर दोन-दोन टक्क्यांनी वाढून १०.७५ आणि ३५.७५ होतात, मग हाच फरक ३,७०० वर येतो.

लोकांच्या डोक्यात जुना हिशोब बसलाय. एप्रिल २०१६ आधी बेसिक रेटच्या पट्ट्यात डिव्हिडंडवर वेगळा कर भरावाच लागत नव्हता. मग ५ हजारांची करमुक्त मर्यादा आली, ती २०१८ ला २ हजार, २०२३ ला १ हजार आणि २०२४ ला ५०० झाली. एप्रिल २०२३ ला कॉर्पोरेशन टॅक्स १९ वरून २५ वर गेला (५० हजारांपर्यंत नफा असेल तरच १९, मधल्यांना थोडी सूट). आयआर३५ वरून भांडण चालू होतं तेव्हा दुसऱ्या दाराने बहुतेक फायदा निघून गेला, आणि त्यासाठी कोणी मोर्चा काढला नाही.

मग आउटसाइडमध्ये उरलं काय? सगळे पैसे त्याच वर्षी काढावे लागत नाहीत, हे. कामाविना गेलेल्या वर्षी कंपनीतले पैसे कमी करात काढता येतात. कंपनी तुमच्या पेन्शनमध्ये वर्षाला ६० हजारांपर्यंत थेट टाकू शकते. नवरा-बायको दोघांचे शेअर ठेवता येतात (२००७ चा आर्क्टिक सिस्टिम्सचा हाउस ऑफ लॉर्ड्सचा निकाल, तोही एका आयटी कॉन्ट्रॅक्टर जोडप्याचाच). आणि प्रवासखर्च. अम्ब्रेलात राहून क्लायंटच्या देखरेखीखाली काम करत असाल तर २०१६ पासून घर ते क्लायंट हा खर्च दाखवता येत नाही. रेडिंग-पॅडिंग्टनचं तिकीट कराच्या हिशोबात घालता येणार नाही, संपूर्ण तुमच्या खिशातून.

दर किती मागायचा? या पट्ट्यात असाइनमेंट रेटमधल्या दर वाढीव पौंडातले ५० पेन्स हातात येतात. पाच हजारांचा फरक भरून काढायला वर्षाला दहा हजार वाढीव, २२० दिवसांवर वाटले की दिवसाला ४५ पौंड. प्रवास धरून ५०० मागा. मात्र ग्रॉस १ लाखाच्या वर जाऊ देऊ नका. तिथून १,२५,१४० पर्यंत पर्सनल अलाउन्स (करमुक्त रक्कम) कापत जातात आणि आयकर ६० टक्के बसतो. तो भाग पेन्शनमध्ये ढकला. अम्ब्रेला सॅलरी सॅक्रिफाइस (पगाराचा भाग कर कापण्याआधीच पेन्शनमध्ये वळवणं) देते का हे म्हणूनच आधी विचारायचं. एप्रिल २०२९ पासून त्यावरची एनआयची सवलत वर्षाला २ हजारांपुरतीच राहणार आहे, तोवर वापरून घ्या.

जुना_कॉन्ट्रॅक्टर

आकडेमोड, दंडवत. पाच हजार हा आकडा मी माझ्या अकाउंटंटकडून कधी ऐकला नाही. अर्थात, मी कंपनी चालू ठेवण्यावर त्याची फी अवलंबून होती.

स्पष्टच_बोलतो

मला एक कळत नाही. माझी बायको एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवेत) नर्स आहे. तिला पगार येतो तोच कर कापून. तिने कधी शेअर नवऱ्याच्या नावावर ठेवले नाहीत, तिकीट खर्चात दाखवलं नाही. तुम्ही दोन-दोन वर्षं एकाच ऑफिसात बसता, त्यांच्या लॅपटॉपवर, त्यांच्या मॅनेजरच्या स्टँडअपला हजर राहता आणि म्हणता आम्ही 'बिझनेस' आहोत. ब्राउन यांचं १९९९ चं निरीक्षण काय चुकीचं होतं? आता कर भरावा लागतोय तर अन्याय झाला म्हणून धागे काढता.

रेडिंगकर

कर चुकवायचा म्हणून धागा काढलेला नाही. नीट वाचा.

भूलतज्ज्ञ

स्पष्टच, तुमचा अर्धा मुद्दा मला मान्य आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल लिहितो, कारण मीही एनएचएसमध्येच आहे, लोकम, म्हणजे बदली डॉक्टर.

२०१७ ला ट्रस्टांनी (रुग्णालयं चालवणाऱ्या एनएचएसच्या संस्थांनी) लोकम डॉक्टरांना सरसकट इनसाइड केलं. कर नोकरदाराचा कापायला लागले. ठीक. पण नोकरदाराचं बाकी काय मिळालं? स्टडी लीव्ह नाही, ट्रस्टची सिक लीव्ह नाही, एनएचएस पेन्शन नाही (ते लिमिटेड किंवा एजन्सीने येणाऱ्याला मिळत नाही). रोस्टर रिकामं झालं की एका फोनवर शिफ्ट रद्द. तुमच्या बायकोची शिफ्ट अशी रद्द होते का? कर नोकराचा आणि वागणूक कंत्राटी, असं हे दोन्हींतलं वाईट तेवढं आलं. या देशात कराचा कायदा आणि कामगार कायदा आपापली वेगळी व्याख्या लावतात. एचएमआरसीने नोकर ठरवलं म्हणून कामगार न्यायाधिकरण आपोआप नोकर मानत नाही.

आमच्यात लोकांनी काय केलं? बरेच जण दरात वाढ मागून बसले आणि मिळालीही, कारण भूलतज्ज्ञ नसेल तर ऑपरेशनची यादीच रद्द होते. काही ट्रस्टच्या 'स्टाफ बँके'त (तात्पुरत्या कर्मचाऱ्यांच्या यादीत) गेले. ज्याची गरज जास्त त्याचा कर त्याच्या खिशातून गेला नाही, ट्रस्टच्या गेला. ज्याला पर्याय होता त्याला नियमाने फारसं शिवलं नाही, हे मी उघड्या डोळ्यांनी पाहिलंय. खालच्या दराचे स्टाफ-ग्रेड लोक मात्र भरडले.

स्पष्टच_बोलतो

हे पटलं. शिफ्टचं माहीत नव्हतं. पण आयटीवाल्यांबद्दल माझं मत कायम.

आकडेमोड

सरकारी खात्यांनाही हे जमलं नाही, हे स्पष्टच यांनी लक्षात घ्यावं. एचएमआरसीचं स्वतःचं ऑनलाइन साधन आहे, सेस्ट. त्यात माहिती बरोबर भरली तर आम्ही निकाल मानू असं ते सांगतात. कामगार आणि पेन्शन खातं, डीडब्ल्यूपी, हेच साधन वापरत होतं. २०२१ ला त्यांच्या माथी ८ कोटी ७९ लाख पौंड बसले, कारण भरलेली उत्तरं एचएमआरसीला पटली नाहीत. सरकारच्या एका खात्याचं दुसऱ्या खात्याला बिल!

आणि न्यायालयांतही एकवाक्यता कुठे आहे? कसोटी १९६८ च्या रेडी मिक्स्ड काँक्रीट खटल्यातली: काम स्वतःच करावं लागतं का, नियंत्रण किती, बाकी अटी नोकरीशी जुळतात का. त्याच कसोट्यांवर टीव्हीच्या निवेदिका लॉरेन केली २०१९ ला जिंकल्या, क्रिस्टा अ‍ॅक्रॉइड २०१८ ला हरल्या. फुटबॉलचे कार्यक्रम सादर करणारे गॅरी लिनेकर ४९ लाख पौंडांच्या करमागणीवर २०२३ ला पहिल्या पायरीवर जिंकले, तेही 'बीबीसीशी करार थेट त्यांच्याच सहीने झालाय' या मुद्द्यावर. फुटबॉल पंचांचा खटला सप्टेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि तिथून पुन्हा खाली पाठवला. असला प्रश्न एखाद्या विमा कंपनीच्या एचआरला रिक्रूटरच्या फोनआधी सोडवायचाय. ते 'सगळे इनसाइड' म्हणतात यात नवल नाही.

स्लाऊची_सांगली

अम्ब्रेलाबद्दल मी लिहिते. मी अम्ब्रेलात आहे आणि मध्ये दोन बदलल्यात.

पहिली गोष्ट, कोणी 'हातात ८० ते ८५ टक्के' म्हणालं की फोन ठेवा. वर आकडेमोडताईंनी दाखवलंय ना, ४५० ला ५९ टक्के बसतात. ८५ येत असतील तर उरलेला पैसा 'कर्ज', 'अ‍ॅडव्हान्स', 'अ‍ॅन्युइटी', 'ग्रँट' असल्या नावाने येतोय. पेस्लिपवर किमान वेतनाएवढा पगार आणि बँकेत दोन वेगळी क्रेडिट, ही खूण. लोन चार्जवाल्यांचं (कर्जाच्या नावाने घेतलेल्या पगारावर मागाहून कर बसलेल्यांचं) हेच झालं. 'सीए-बॅरिस्टरने तपासलेली स्कीम' म्हणून लोक शिरले, पगार कर्ज म्हणून घेतला आणि ५ एप्रिल २०१९ ला सगळ्या वर्षांचं एकदम बिल आलं. नंतर २०१९ च्या शेवटी सरकारने नेमलेल्या मॉर्स यांच्या समीक्षेमुळे ९ डिसेंबर २०१० आधीची कर्जं वगळली. तोवर घरं विकली गेली होती, माणसंही गेली. आपल्या ओळखीत एक कुटुंब आहे, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

दुसरी गोष्ट, साईन करण्याआधी एजन्सीकडून की इन्फर्मेशन डॉक्युमेंट मागा. एप्रिल २०२० पासून त्यांना ते द्यावंच लागतं. त्यात नमुना पेस्लिप असते: रेट, मालकाचा एनआय, लेव्ही, मार्जिन, हॉलिडे पे, हातात किती. ते देताना टाळाटाळ झाली की समजा.

तिसरी, हॉलिडे पे दर आठवड्याला मिळणार की साठवणार? साठवणार असेल तर न वापरलेले पैसे कधी बुडतात ते विचारा. माझ्या पहिल्या अम्ब्रेलात वर्ष संपलं आणि माझी शिल्लक 'पॉलिसीनुसार' गायब. भांडून अर्धी परत मिळवली. आता मी १२.०७ टक्के दर आठवड्याला घेते.

चौथी, नवीन. ६ एप्रिल २०२६ पासून अम्ब्रेलाने पीएवायई (पगारातून कापायचा कर आणि एनआय) भरलं नाही तर एजन्सी जबाबदार, एजन्सी नसेल तर क्लायंट. त्यामुळे एजन्सीवाले अचानक सोवळे झालेत. आत्तापर्यंत कुठलीही अम्ब्रेला चालायची, आता पाच-सहा नावांची यादी येते, ऑडिट मागतात. त्या यादीतली घ्या. वाद घालायला आपल्याकडे बाकी मुद्दे आहेत.

नवीन_अंगण

मी अजून स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे, आयएलआरला (कायम वास्तव्याच्या परवान्याला) वर्ष बाकी. तोवर लिमिटेड काढून वीकेंडला छोटं काम घेतलं तर?

जुना_कॉन्ट्रॅक्टर

नका. व्हिसा स्पॉन्सरशी बांधलेला आहे, त्याबाहेरच्या कामावर बंधनं आहेत. आयएलआर हातात येऊ द्या.

आणि कंपनी काढाल तेव्हा एक लक्षात ठेवा, होम ऑफिस आणि एचएमआरसी एकमेकांचे कागद बघतात. टियर-१ जनरल या उच्चकुशल लोकांच्या जुन्या व्हिसावाल्यांचं २०१८ च्या आसपास काय झालं ते आपल्यातल्या अनेकांनी सोसलंय. व्हिसाच्या अर्जात स्वतःच्या धंद्याचं उत्पन्न दाखवलं एक, टॅक्स रिटर्नमध्ये निघालं दुसरं. काहींची खरंच लबाडी होती, बऱ्याच जणांची अकाउंटंटची गफलत किंवा आर्थिक वर्ष वेगळं धरल्याने आलेली तफावत. इमिग्रेशन नियमांतलं ३२२(५) कलम लावून सगळ्यांनाच 'चारित्र्य' या सदरात नकार. दहा-दहा वर्षं इथे असलेले डॉक्टर, इंजिनिअर संसदेबाहेर उभे होते. २०१९ ला बालाजीगरी खटल्यात अपील कोर्टाने सांगितलं, नकार देण्याआधी माणसाला खुलासा करू द्या. तोवर काही परत गेले होते.

हिंजवडीतून

पुण्यातून लिहितोय, माझा क्लायंट लंडनमध्ये आहे. २०२१ च्या सुमारास त्यांनी यूकेतले चार कॉन्ट्रॅक्टर कमी केले आणि काम एका कन्सल्टन्सीला स्टेटमेंट ऑफ वर्कवर (माणसं नव्हे, ठरलेलं काम एकगठ्ठा) दिलं. त्या कन्सल्टन्सीने ते आमच्याकडे पाठवलं. तुमचं इनसाइड-आउटसाइड भांडण आमच्या पथ्यावर पडलं, रागावू नका.

इकडेही हाच प्रश्न वेगळ्या कपड्यात आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात पगार असेल तर १९२ कलमाने टीडीएस, व्यावसायिक फी असेल तर १९४जे ने १० टक्के. इथल्या कंपन्या उलट्या बाजूने खेळतात. पीएफ, ग्रॅच्युइटी वाचवायला नोकरालाच 'कन्सल्टंट' करतात आणि आयकर खातं मागून म्हणतं हा तर पगार. पुण्यातल्या रुबी हॉलच्या डॉक्टरांवरूनच हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि २०१५ ला कोर्टाने खात्याचं म्हणणं फेटाळलं. आमच्यासारख्यांना त्याच कायद्यातलं ४४एडीए कलम सोयीचं. ५० लाखांपर्यंत (रोख व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असतील तर ७५ लाखांपर्यंत) उत्पन्नाच्या निम्मा नफा धरायचा, वह्या ठेवायची कटकट नाही. बाहेरच्या क्लायंटला सेवा म्हणजे निर्यात, एलयूटी (निर्यातीचं हमीपत्र) भरलं की जीएसटी शून्य. त्यामुळे पर्मची ऑफर आली की इथले अनेक जण हिशोब करून 'नको' म्हणतात. गृहकर्ज घ्यायला गेल्यावर मात्र बँकवाला पगारपत्रकच मागतो.

मिल्टनमामा

हिंजवडीतून, तो चारातला एक मी होतो की काय? 😀

रेडिंगकर

सगळ्यांचे आभार, विशेषतः आकडेमोड आणि सांगली. काल रिक्रूटरशी बोलले. ५०० मागितले. तो म्हणाला, "बजेट ४५० आहे, ताणून ४७०." मी की इन्फर्मेशन डॉक्युमेंट मागितलं तर दोन मिनिटं गप्प आणि मग "मी ईमेल करतो". आलंय. त्यात अम्ब्रेलाचं मार्जिन २८ दाखवलंय आणि सॅलरी सॅक्रिफाइसला 'हो' आहे.

दुसरीकडे एका छोट्या ब्रोकर फर्मकडून विचारणा आली, साठेक लाख पौंडांची उलाढाल, तीस-बत्तीस माणसं. दर ४००, पण आउटसाइड म्हणतात आणि आठवड्याला एकच दिवस ऑफिस. स्टेटस त्यांना ठरवावं लागेल की मला?

आकडेमोड

तुम्हाला. छोट्या कंपनीला २०२१ चा नियम लागत नाही. तीनपैकी दोन अटी बसल्या की छोटी: उलाढाल, ताळेबंद, पन्नासच्या आत माणसं. पहिल्या दोन मर्यादा आधी १ कोटी २ लाख आणि ५१ लाख पौंड होत्या, कंपनी कायद्यात त्या ६ एप्रिल २०२५ पासून दीड कोटी आणि ७५ लाख झाल्या. साठ लाख आणि बत्तीस माणसं म्हणजे जुन्या मापानेही छोटीच. पण ती एखाद्या मोठ्या समूहाची उपकंपनी नाही ना, हे कंपनीज हाउसवर (कंपन्यांच्या सरकारी नोंदवहीत) तपासा. समूह मोठा असेल तर ती छोटी धरत नाहीत. तुम्ही विचारलंत तर त्यांना लेखी सांगावं लागतं.

आणि 'म्हणतात आउटसाइड' यावर जाऊ नका. छोट्या क्लायंटकडे चूक निघाली तर बिल तुमच्या कंपनीवर येतं. कराराबरोबर प्रत्यक्षात काम कसं चालेल ते लिहून घ्या. बदली माणूस खरंच पाठवता येईल का, कामाची वेळ कोण ठरवणार, प्रकल्प संपल्यावर ते दुसरं काम गळ्यात मारणार का. करार एका स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासून घ्या आणि तो अहवाल जपून ठेवा. दर ४०० ला मात्र मी अडून बसेन. आठवड्याला दोन दिवसांचा प्रवास वाचतो तो वेगळा, पण कराच्या हिशोबात ४७० इनसाइडपेक्षा थोडं कमीच हातात येतं.

स्लाऊची_सांगली

४२५ मागा. आणि त्यांना विचारा, बिल किती दिवसांत देतात. छोट्या ब्रोकरांचे साठ-साठ दिवस असतात.

रेडिंगकर

तीस म्हणतायत. करार मागवलाय, बदलीचं कलम आहे पण पुढे 'क्लायंटच्या पूर्वसंमतीने, क्लायंटच्या मर्जीनुसार' असं शेपूट जोडलंय.

आकडेमोड

ते शेपूट काढायला सांगा. 'पात्रता असलेल्या बदलीला वाजवी कारणाशिवाय नाकारणार नाही' एवढं चालतं. 'मर्जीनुसार' असेल तर त्या कलमाची किंमत शून्य. बाकी पानं इथे टाकू नका, मला मेसेज करा, नावं झाकून.